आठ हजार नळ्यांची धुलाई

एखादं वाद्य न जळता, न मोडता पाच वर्षांहून जास्त काळ मुकं राहू शकतं का? पॅरिसमधलं एक राहिलं. तेही साधंसुधं नाही, फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या ऑर्गनांपैकी एक!

15 एप्रिल 2019. नोत्र दाम कॅथेड्रलच्या छताला आग लागली. लाकडी छत गेलं, उंच मनोरा कोसळला. ऑर्गन मात्र पश्चिमेच्या टोकाला, दोन बुरुजांच्या मध्ये, भल्या मोठ्या गोल खिडकीखाली उभा होता. ज्वाळा तिथवर आल्याच नाहीत, पाणीही फारसं लागलं नाही. (त्याच कॅथेड्रलमधला दुसरा, छोटा ऑर्गन बिचारा बंबांच्या पाण्याने चिंब झाला.) मग मोठ्याला झालं काय? धूळ. छतावर शिशाचे पत्रे होते, शेकडो टन. आगीत शिसं वितळलं, त्याची बारीक धूळ उडाली आणि ऑर्गनच्या फटीफटीत जाऊन बसली.

शिशाची धूळ म्हणजे विषच. आणि ऑर्गन हे तर हवा फुंकणारं वाद्य. वाजवायला बसलं की धूळ सगळीकडे! गंमत अशी, की ऑर्गनच्या पुष्कळशा नळ्या कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाच्याच असतात. नळीतलं शिसं जागच्या जागी गप्प बसतं, म्हणून चालतं. नाकात जाणारं चालत नाही.

तेव्हा ठरलं, ऑर्गन सुटा करायचा. 2020 च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं आणि डिसेंबरपर्यंत चाललं. आधी पट्ट्या काढल्या: हातांनी वाजवायच्या पाच ओळी एकावर एक, आणि पायांनी वाजवायची एक वेगळी. मग नळ्या, सुमारे आठ हजार. काम करणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक कपडे, तोंडावर मास्क. कुठली नळी कुठली, याची चोख नोंद ठेवायची, कारण एक जरी चुकीच्या भोकात बसली तरी पट्टी एक दाबाल आणि सूर भलताच येईल.

आता एक नळी जरा जवळून बघू. तळाशी निमुळता पाय, त्यातून हवा वर येते. पायाच्या वर एक आडवी फट, तिच्यावर एक धारदार ओठ. हवेची पातळ पट्टी त्या धारेवर आपटते, आत-बाहेर डुलते, आणि नळीतली हवा थरथरू लागते. तुमची शिट्टी अगदी अशीच वाजते. या ओठावर, फटीत धूळ चिकटली की सूर बिघडलाच. सगळ्याच नळ्या अशा नसतात बरं. काहींत पितळेची पत्ती थरथरते, त्यांचा आवाज रणशिंगासारखा खणखणीत.

नळीची लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. नोत्र दामच्या सर्वांत लांब नळ्या 32 फुटी, म्हणजे जवळजवळ 10 मीटर. त्यातली हवा सेकंदाला फक्त 16 वेळा थरथरते. माणसाला साधारण 20 पासून पुढचं नीट ऐकू येतं, म्हणजे हा सूर कानांपेक्षा पोटालाच जास्त कळतो! सर्वांत छोट्या नळीचा वाजणारा भाग मात्र जेमतेम काही मिलिमीटरचा.

बरं, हा ऑर्गन बनवला कुणी? या प्रश्नाला एक नाव पुरत नाही. आज दिसते ती नक्षीदार लाकडी चौकट 1733 ची, फ्रांस्वा तिएरी या कारागिराच्या काळातली. काही नळ्या तर त्याहूनही जुन्या. पुढे क्लिको नावाचा कारागीर आला, त्याने भर घातली. मग आरिस्तिद काव्हाये-कोल या जबरदस्त कारागिराने सगळी रचनाच बदलली आणि 1868 मध्ये नवा अवतार लोकांसमोर आणला. जुन्या चांगल्या नळ्या मात्र त्याने फेकल्या नाहीत, आपल्या कामात सामावून घेतल्या.

त्याच्या काळी पट्टीपासून नळीपर्यंत लाकडी काड्यांची साखळी असे. एवढ्या मोठ्या वाद्यात ती ओढताना वादकाची बोटं मोडायची वेळ येई. म्हणून पट्टीच्या मदतीला छोटे छोटे भाते बसवले: बोटाने फक्त इशारा द्यायचा, जोर हवेने लावायचा. 1960 च्या दशकात तिथले वादक प्येर कोशेरो यांच्या पुढाकाराने ही यंत्रणा काढून विजेच्या तारा घातल्या. 1992 पर्यंत संगणकही आला.

आता खरा पेच. दुरुस्त करायचा म्हणजे कुठल्या सालचा करायचा? 1733 चा? 1868 चा? की हाताशी एवढं सुटं सामान आहेच, तर वाढवून आणखी मोठा? ठरलं असं, की आगीच्या आदल्या दिवशी होता तसाच. मला हे फार पटतं. आगीने सुरांमधलं काही बिघडवलंच नव्हतं, मग सूर बदलायचे कशासाठी? नळ्या धुतल्या, हवेच्या पेट्यांमधलं खराब झालेलं कातडं बदललं. हे काम राजधानीपासून दूर, कोरेझ, व्होक्लूज अशा भागांतल्या कार्यशाळांत झालं.

2023 मध्ये जोडणी सुरू झाली, आणि नंतर आलं सर्वांत चिवट काम: सूर लावणं. एक जण पट्टी दाबून धरणार, दुसरा ऑर्गनच्या पोटात शिरून नळीच्या तोंडाशी किंचित फेरफार करणार. पत्तीच्या नळीत एक वाकडी तार असते, तिला हलकेच टिचकी मारली की सूर चढतो किंवा उतरतो. मग पुढची नळी. मग तिच्या पुढची. हे चाललं सुमारे सहा महिने, आणि तेही रात्री! दिवसा कॅथेड्रलमध्ये करवती आणि हातोडे चालू असायचे ना.

कार्यशाळेतच सूर लावून का आणले नाहीत? कारण दगडी भिंती आणि कमानी आवाज कित्येक सेकंद घोळवत ठेवतात. तो घोळ ऐकल्याशिवाय कुठली नळी दबते आणि कुठली उगाच ओरडते, ते कळत नाही. त्यात हवामानाची खोडी. गरम हवेत आवाज वेगाने धावतो, म्हणून ओठांच्या नळ्यांचा सूर चढतो. पत्तीच्या नळ्या फारशा हलत नाहीत. झालं, एकाच वाद्यात दोन तट!

जाता जाता, आपली पेटीसुद्धा मूळची पॅरिसचीच. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियम तयार केलं. पुढे आपल्या संगीत नाटकांत पायांनी हवा भरायचा ऑर्गन वाजू लागला, तो तिचाच नातलग. त्यात नळ्या नाहीत, सगळा कारभार पत्त्यांचा.

7 डिसेंबर 2024 ला नोत्र दाम पुन्हा उघडलं. तिथले आर्चबिशप ऑर्गनकडे वळले आणि त्यांनी त्याला चक्क हाक मारली, जागा हो म्हणून. एकदा नाही, आठ वेळा. दर हाकेला ऑर्गनने उत्तर दिलं. चार वादक आळीपाळीने वाजवत होते, आणि उत्तर काय द्यायचं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं.