१ डिसेंबर, रात्री १२ वाजून १ मिनिट

न्यूयॉर्कच्या ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या संस्थेची तुरुंगातल्या पत्रकारांची वार्षिक यादी मी आकडा सोडून नावानावाने वाचतो. तिचा नियम साधा आहे. १ डिसेंबरला रात्री १२ वाजून १ मिनिटाला जो सरकारच्या ताब्यात, तो यादीत. मार्चमध्ये पकडला आणि नोव्हेंबरात सुटला, तर नाही. तालुक्याच्या वार्ताहराला रात्रभर पोलीस ठाण्यात बसवून सकाळी सोडले, तर इथे त्याचा पत्ताच नाही.

२०२२च्या यादीत ३६३ नावे होती, त्यांत भारतातली ७. एक आमच्या बेलापुरातले निघाले: गौतम नवलखा. ‘न्यूजक्लिक’चे स्तंभलेखक, एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी. पण नोव्हेंबरातच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना तळोजा कारागृहातून बी. टी. रणदिवे यांच्या नावाच्या ग्रंथालयाच्या इमारतीत हलवले होते. मग गणनेच्या रात्री ते तुरुंगात कुठे होते?

नजरकैदेच्या अटी पाहाव्यात. स्वयंपाकघरातून बाहेर जाणारे दार सील, हॉलच्या ग्रिलला कुलूप, प्रवेशावर सीसीटीव्ही. मोबाइल, लॅपटॉप, इंटरनेट बंद. बोलायचे तर पोलिसांच्या फोनवरून, दिवसाला १० मिनिटे, तेही पोलिसांसमोर. माध्यमांशी बोलायला मनाई. वर पहाऱ्याच्या खर्चापोटी २ लाख ४० हजार रुपये आधी भरायचे. नोंद बरोबरच होती, असे माझे मत. मे २०२४मध्ये जामीन मिळाला, तेव्हाही त्याच खर्चाचे २० लाख भरायला सांगितले गेले.

गाजावाजा होतो तो ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या क्रमवारीचा. २०२३मध्ये १८० देशांत भारत १६१वा. केंद्र सरकारने संसदेत तिची पद्धतच अमान्य केली आहे. क्रमांकावर अशी हुज्जत घालता येते. नावापुढे कलम आणि कारागृह लिहिलेले असले, की त्या माणसाबद्दलच बोलावे लागते.

मृत्यूची नोंद त्याहून किचकट. ६ फेब्रुवारी २०२३ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवले. दुसऱ्या दिवशी ते गेले. अशा वेळी नोंद ठेवणाऱ्या संस्थेपुढे प्रश्न हेतूचा असतो: अपघात, जमिनीचा वाद, की बातमी? ‘महानगरी टाइम्स’मध्ये रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती.