रेंज गेली, तरी ठावठिकाणा लागतो

हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर मोबाइलची रेंज जाते, पण नकाशावरचा निळा ठिपका आपल्यासोबत चालत राहतो. कारण जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सतत सांगत असतात. फोन फक्त ऐकतो. तो उपग्रहांना काहीही कळवत नाही, हे अनेकांना पटतच नाही!

संदेश पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. तीन अंतरांत काम भागायला हवं. पण फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं काटेकोर नसतं, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरचा घोळ. ही चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

मग डेटा कशाला? उपग्रहांच्या कक्षांची माहिती नेटवरून चटकन मिळते. तीच थेट उपग्रहाकडून घ्यायची तर वेग सेकंदाला अवघे ५० बिट. मग उघड्या आभाळाखाली अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त, थांबा! नकाशा मात्र घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा. बहुतेक फोनचं जीपीएस एअरप्लेन मोडवरही चालतं. रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी तेवढीच वाचते.