ट्रंकेतले कागद आणि एलिनॉर बाई

मुलगी बी.ए.ला इतिहास घेते म्हणाली, की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, "इतिहास शिकून पोट भरेल का?" गिरणीत, रेल्वेत, रोजमजुरीवर ज्यांनी आयुष्य काढले त्यांनी हे विचारावे, यात गैर काही नाही. तरीही आज आम्ही एका इतिहासकार बाईंची ओळख करून देत आहोत.

डॉ. एलिनॉर झेलियट मूळच्या अमेरिकेच्या. जन्म १९२६चा. १९६९ साली त्यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय होता बाबासाहेब आणि महार चळवळ! बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अवघी बारा-तेरा वर्षे झाली होती. त्याच सालापासून १९९७पर्यंत त्या मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात शिकवत होत्या. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

बाईंची विद्वत्ता मोठीच. पण पुरावा कुठून आला? आपल्याच माणसांच्या आठवणींतून आणि जपलेल्या कागदांतून. त्यांत अग्रभागी होते आपल्या नागपूरचे वसंत मून. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी चळवळीचे कागद गोळा केले. १९७९पासून निघालेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड त्यांनी संपादित केले. नागपुरातील आपल्या मोहल्ल्याचे जगणे त्यांनी 'वस्ती'त लिहिले. २००१ साली गेल ऑम्व्हेट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला प्रस्तावना लिहिली झेलियट बाईंनी. मोठ्या शहरांचा इतिहास राजवाड्यांपुरता नसतो, तो वस्तीचाही असतो, हे जगाला कळले.

आमच्या भगिनींनीही हे काम केले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली होती. चळवळीतल्या अशा स्त्रियांना शोधून मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला.

आणि आपण? घराला रंग द्यायचा निघाला, की ट्रंकेतली जुनी पत्रके, सभेचे फोटो रद्दीत जातात. १४ ऑक्टोबर १९५६ला आईच्या कडेवर बसून दीक्षेला आलेली मुले आज सत्तरीच्या घरात आहेत. जी तेव्हा चालत आली, ती ऐंशीच्या पुढे. या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. गाव, साल, नावे लिहून घ्या.

वाट लांब आहे, एम.ए. केले की लगेच प्राध्यापकी मिळत नाही. तरी मुलगी इतिहास घेते म्हणाली, तर तिला अडवू नका. ट्रंकेची किल्ली तिच्या हाती द्या. जयभीम!