ओळख ख्रिस्ती श्रद्धेची (भाग ९) : क्रूस कुणाच्या खांद्यावर?

मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरून दक्षिणेची वाट धरली की चोंढी, अलिबाग, नागाव, चौल असं करत रेवदंडा येतं. तिथला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा रस्ता. वाटेत देवळं आहेत, दर्गे आहेत, बेने इस्रायलांची प्रार्थनास्थळं आहेत, आणि शेवटी कोर्लईला क्रूस आहे. मागच्या आठवड्यात आपण बाप्तिस्मा पाहिला. त्या विधीत बाळाच्या कपाळावर पाणी पडायच्या आधीच फादर अंगठ्यानं क्रूसाची खूण करतात, मग आईबाप करतात, मग धर्ममातापिता. माणूस वारला की त्याच्या थडग्यावर पुन्हा तीच खूण. या दोन्हींच्या मधल्या आयुष्यात तिचा अर्थ काय, ते आज पाहू.

शेजारपाजारची माणसं आम्हा ख्रिस्ती लोकांना एक प्रश्न हमखास विचारतात. ज्या लाकडावर तुमच्या देवाला मारलं, त्याच लाकडाला तुम्ही नमस्कार कसा करता? घरात कुणी फासावर गेलं असेल तर कुणी तो दोर देव्हाऱ्यात ठेवतं का? प्रश्न रास्त आहे. तो विचारताना पुष्कळजण संकोचतात, पण संकोचायचं कारण नाही. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती माणसांनाही लोकांनी हेच विचारलं होतं, आणि तेव्हा त्यामागे कुचेष्टा होती.

क्रूसावर चढवणं ही रोमन राज्यातली गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर त्याच्या सुमारे सहा हजार साथीदारांना रोमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं क्रूसांवर टांगलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं आणि धडा घ्यावा, हाच हेतू. मरण लवकर यायचं नाही. तास जायचे, कधी दिवसही जायचे. माणसाला नागडं करून, गावाबाहेर, वर्दळीच्या जागी ठेवायचे. येशूला रोमन सुभेदार पंतियस पिलाताच्या अमलात, इसवी सन ३० च्या आसपास, यरुशलेमच्या वेशीबाहेर गुलगुथा नावाच्या जागी हेच मरण आलं. डोक्यावर हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांतली पाटी होती, म्हणजे कुणालाही वाचता यावी. दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार होते.

रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोरलेलं एक चित्र सापडलं आहे. ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं आहे. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा एक माणूस, खाली हात वर केलेला एक तरुण, आणि शेजारी खरडलंय की अलेक्झामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. कुणीतरी सोबत्याची टर उडवली आहे. क्रूसावरच्या येशूच्या आज उरलेल्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते भक्तानं काढलेलं नाही. ख्रिस्ती लोकांनी स्वतः हे दृश्य उघडपणे कोरलं ते पाचव्या शतकात; रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर ते आजही आहे. तोवर ही शिक्षा रोमन राज्यातून बंद झाली होती. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना तिचं चित्र काढवत नव्हतं, असं मला वाटतं. आज सोन्याच्या साखळीत क्रूस घालणाऱ्यानं हे एकदा आठवावं.

मग या लाकडात श्रद्धेची गोष्ट कोणती? धर्मपंडितांनी तिचे अनेक अर्थ लावले. येशूनं आपला प्राण खंडणी म्हणून दिला आणि माणसाला पापाच्या गुलामीतून सोडवलं, असं सुरुवातीच्या शतकांत सांगत. अकराव्या शतकाच्या अखेरीस अॅन्सेल्म यांनी मांडलं की माणसाच्या पापानं देवाचं जे देणं थकलं, ते माणसाला फेडणं शक्य नव्हतं, म्हणून देवच माणूस झाला आणि त्यानं ते फेडलं. दुसऱ्या बाजूनं आबेलार म्हणत की इतकं प्रेम पाहून माणसाचं मन पालटावं, हेच क्रूसाचं काम. चर्चनं यांतल्या एकाच स्पष्टीकरणावर शिक्का मारलेला नाही. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट इतकीच, की देव दुःखाकडे लांबून पाहत राहिला नाही, तो त्यात उतरला. त्यानं दुष्टांचा संहार केला नाही; दुष्टांच्या हातून मरण घेतलं आणि मरतामरता त्यांना क्षमा मिळावी म्हणून मागणं मागितलं. अवतारकथा ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे चमत्कारिक वाटतं. संत पौलानंही मान्य केलं आहे की क्रूसाची गोष्ट ज्ञानी माणसांना मूर्खपणाची वाटते.

शुभवर्तमानातल्या या कथेत एक माणूस क्षणभर येतो आणि जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शिमोन नावाचा, कुरेने गावचा. तो शेतावरून येत होता. फटक्यांनी थकलेल्या येशूला क्रूस वाहवेना, तेव्हा शिपायांनी या वाटसरूला धरलं आणि ते ओझं त्याच्यावर लादलं. त्याला कुणी विचारलं नाही. रोमन शिपायाला तो अधिकारच होता. समोर दिसेल त्याच्याकडून सामान वाहून घेता येत असे. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. अलिबाग तालुक्यातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. खोतीच्या काळात कुळानं पिकाचा मोठा वाटा द्यायचा आणि वर खोताच्या घरची वेठ करायची, ही रीतच होती. त्याविरुद्ध चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता संप केला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

चरीची आठवण इथे काढतो ती यासाठी, की क्रूसाच्या कथेत दोन माणसं लाकूड वाहतात आणि दोघांत फरक आहे. येशूनं ते घेतलं. शिमोनवर ते लादलं. पहिल्याला ख्रिस्ती श्रद्धेत क्रूस म्हणतात. दुसऱ्याला वेठच म्हणायला हवं आणि ती मोडायलाच हवी. येशूनं शिष्यांना सांगितलं की माझ्यामागे यायचं तर आपला क्रूस उचला. लूकनं त्यात ‘दररोज’ हा शब्द घातला आहे. आपला उचला, असं सांगितलं आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवा, असं कुठेही सांगितलेलं नाही.

हे नीट न समजल्यानं काय झालं, ते याच किनाऱ्यावर दिसतं. पोर्तुगीजांच्या गलबतांच्या शिडांवर तांबडा क्रूस असे. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीनं त्यांनी चौलला कोट बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये लढाई करून समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला. रेवदंड्याच्या याच कोटात आजही चर्चांचे आणि मठांचे उंच अवशेष माडांच्या वर डोकं काढून उभे आहेत, आणि कोर्लईच्या किल्ल्यात तोफांच्या शेजारी पडक्या चर्चच्या भिंती आहेत. गोव्यात १५६० साली धर्मन्यायपीठ बसलं आणि ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, चाललं. श्रद्धेच्या नावानं माणसांना कोंडणं, छळणं, जाळणं हे त्यानं केलं. मी ख्रिस्ती आहे म्हणून हे हळू आवाजात सांगावं, असं मला वाटत नाही. शिक्षा भोगणाऱ्याची खूण शिक्षा देणाऱ्यानं हातात घेतली, तेव्हा त्यानं गुलगुथ्यावरची बाजूच बदलली. तो पिलाताकडे जाऊन उभा राहिला.

१७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आली. शिडांवरचा क्रूस निघून गेला. कोर्लईची ख्रिस्ती माणसं मात्र गेली नाहीत. त्यांच्यामागे आता ना तोफ होती, ना गव्हर्नर. त्यांनी आपली श्रद्धा ठेवली आणि पोर्तुगीज व मराठी मिळून झालेली आपली बोलीही ठेवली. तिला ती ‘नोलिंग’ म्हणतात. सत्ता गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षं जी श्रद्धा टिकली, ती सत्तेच्या जोरावर टिकली असं कुणाला म्हणता येणार नाही. गावात कार्मेल मातेचं चर्च आहे, आणि तिचा सण जुलैच्या १६ तारखेला, भर पावसात येतो.

क्रूस स्वतः घेणारा माणूस पाहायचा तर वसईला जावं लागेल. गोन्सालो गार्सिया वसईचा. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. १५५६-५७ च्या सुमाराचा जन्म. जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला, व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये जपानी बोलता येणारा दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. तिथे सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमावरून ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. कान कापून, भर थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेऊन, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यांत बहुतेक जपानी होते, बारा वर्षांचा एक मुलगाही होता. गोन्सालोला १८६२ मध्ये संतपद मिळालं. वसईच्या माणसाला दूरच्या बंदरात जे मरण आलं, ते जवळजवळ येशूचंच मरण होतं. त्यानं त्यासाठी कुणाला मारलं नव्हतं.

पण सगळ्यांनी हुतात्मा व्हावं असं श्रद्धा सांगत नाही, आणि स्वतःहून घेतलेला क्रूसही दुसऱ्याच्या अंगावर कोसळू शकतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर, जात, मानमरातब, सगळं सोडण्याचं बळ त्यांच्यात होतं. ते त्यांनी निवडलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी निवडलं नव्हतं. मूल घेऊन, नवऱ्यावाचून, लोकांचं बोलणं ऐकत त्यांनी जी वर्षं काढली, ती त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, त्या वर्षांत लक्ष्मीबाईंची अवस्था शिमोनाची होती. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या विचारानं, आणि टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं केलं. लादलेलं ओझं असंही स्वतःचं होऊ शकतं. पण त्याचं श्रेय लादणाऱ्याकडे जात नाही.

आमच्या चर्चांमध्ये हे अजून पुरेसं बोललं जात नाही. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, सोस’ असं सांगणारी माणसं आहेत, आणि ती स्वतःला भाविक समजतात. त्या बाईच्या खांद्यावर आहे ती वेठ. तिथे क्रूस कुणी उचलायचा असेल तर तो शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणि फादरांनी. तिच्यासाठी दार उघडायचं, वाईटपणा घ्यायचा, पोलिसांत सोबत जायचं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, टाकलेल्या मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणल्या, तेव्हा त्यांनी त्या मुलींना सोसण्याचा उपदेश केला नाही. त्यांना जेवू घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. आजारपण, मरण, गरिबी यांत देव सोबत आहे हे क्रूस सांगतो. ती आवडून घ्यावीत असं तो सांगत नाही.

रोजच्या जगण्यात ही खूण सतत येते. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, असा हात फिरवून आम्ही दिवस सुरू करतो, जेवायला बसतो, होडी पाण्यात लोटतो. झावळ्यांच्या रविवारी माडाच्या पातीचे छोटे क्रूस विणून घरी आणतात. पुढच्या वर्षी त्याच सुकलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी ती क्रूसाच्या आकारात कपाळाला लावतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांनी रस्त्याच्या कडेला क्रूस उभारले. कॅथलिक क्रूसावर येशूचं शरीर असतं, प्रोटेस्टंट चर्चांत बहुधा नुसता क्रूस असतो. एक मरणाकडे बोट दाखवतो, दुसरा उठलेल्या येशूकडे. दोन्ही खरे आहेत, यावर भांडण नको.

गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा नसते. वेदीवर काही ठेवलेलं नसतं. येशूच्या दुःखसहनाची कथा वाचतात आणि मग क्रूस पुढे आणतात. एकेक माणूस जाऊन त्याचं चुंबन घेतो. तुमचं कुणी ख्रिस्ती शेजारी असेल, तर त्या दिवशी त्यांना शुभेच्छांचा संदेश पाठवू नका. तो आमचा सुतकासारखा दिवस. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मात्र आवर्जून घरी या. त्या रविवारी काय घडलं असं आम्ही मानतो, ते पुढच्या भागात.