नखाच्या मुळाशी दिसणारा आजार

गार पाण्यात हात घातला की बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल. मोरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये वर्णन केलेला हा त्रास बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असतो. काहींच्या बाबतीत मात्र तो स्क्लेरोडर्माची पहिली खूण ठरतो आणि त्वचा कडक होण्याच्या कितीतरी आधी दिसतो. नुसती बोटे पाहून हा फरक कळत नाही. म्हणूनच अशा प्रत्येक रुग्णाच्या नखांची मुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवीत, असे मला ठामपणे वाटते. इतरत्र केशवाहिन्या त्वचेत उभ्या असतात आणि त्यांचे फक्त टोक दिसते. नखालगत त्या आडव्या पसरलेल्या असतात, त्यामुळे तेलाचा एक थेंब लावला की अख्खा वळसा नजरेत येतो. निरोगी माणसात एका मिलिमीटरमध्ये असे निदान सात वळसे दिसतात, केसांच्या पिनांसारखे नीट ओळीने. स्क्लेरोडर्मात काही वळसे ५० मायक्रॉनहून जास्त फुगतात, बारीक रक्तस्राव होतो आणि पुढे वळसेच नाहीसे होऊन मोकळ्या जागा उरतात.

या खुणांचे वजन किती, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासाने दाखवले. रेनॉडने वर्णन केलेला त्रास असलेल्या ५८६ रुग्णांपैकी ज्यांच्या केशवाहिन्या बिघडलेल्या होत्या आणि रक्तात स्क्लेरोडर्माची प्रतिपिंडेही होती, त्यांच्यातील सुमारे ८० टक्क्यांना पुढे तो आजार झाला. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या तपासणीला दोन गुण मिळाले (निदानासाठी नऊ लागतात), म्हणजे चित्र एकटे निकाल देत नाही. ते योग्यच आहे, कारण डर्मॅटोमायोसायटिसमध्येही जवळपास असेच चित्र दिसते आणि ल्युपसमध्ये ठरावीक असे काही दिसत नाही.

आजार मुळापासून बरा होत नसेल तर तो आधी कळून काय साधणार, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण स्क्लेरोडर्माचे रुग्ण दगावतात ते मुख्यतः फुप्फुसे आणि हृदयामुळे, आणि फुप्फुसांच्या नुकसानीचा वेग कमी करणारी औषधे आज आहेत. नुकसान झाल्यावर ती देण्यापेक्षा आधीपासून फुप्फुसांवर लक्ष ठेवणे केव्हाही हिताचे. सावळ्या त्वचेत वळसे धूसर दिसतात, नखे कुरतडण्याने किंवा हातांच्या कष्टाच्या कामानेही ते बिघडतात, हा आक्षेप जास्त खरा आहे आणि आपल्याकडे तर विशेष लागू पडतो. त्यावर उपाय म्हणजे अंगठे सोडून आठही बोटे पाहणे आणि शंका असेल तर काही महिन्यांनी पुन्हा पाहणे. त्वचारोगतज्ज्ञांकडचा साधा डर्मोस्कोपही पहिल्या चाळणीला पुरतो.