गंजलेली मोटार

पावसाळ्यात अंगणात विसरलेला विळा चार दिवसांनी उचलावा, तर त्याच्या पात्यावर तांबूस थर चढलेला दिसतो. राखेने घासला की थर निघून जातो आणि विळा पुन्हा कामास लागतो. तोच विळा दोन-तीन पावसाळे तेथेच पडून राहिला, तर घासण्यासारखे फारसे काही उरत नाही. विळ्याचे काय करावे हे कोणालाही कळते. मोटारीच्या बाबतीत मात्र चांगली जाणती माणसेही फसतात. असा एक प्रसंग मी 1999 च्या मे महिन्यात रत्नागिरीस पाहिला.

माझे एक स्नेही तेथे डॉक्टर होते. त्यांच्याजवळ 1984 सालची प्रीमियर पद्मिनी होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी त्या काळी घ्यावयाची, म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. समुद्रकाठच्या गावांतून रात्री-अपरात्री रुग्णांकडे जाण्यासाठी डॉक्टरांनी ती पंधरा वर्षे वापरली. खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी संपते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीपूर्वी गाडी एकवार मिस्त्रींना दाखवावी, म्हणून आम्ही दोघे गॅरेजात गेलो.

तेथे दुसरीही एक पद्मिनी उभी होती. ती कऱ्हाडच्या एका वकिलांची. तिच्या दारांचे तळ गंजून जाळीसारखे झाले होते आणि डिकीच्या झाकणास भोके पडली होती. तिच्याशेजारी डॉक्टरांची गाडी नवरीसारखी झळकत होती. गेल्याच वर्षी त्यांनी तिच्या रंगकामास 18 हजार रुपये घातले होते. "ही बिचारी आता भंगारात जाणार," वकिलांच्या गाडीकडे पाहून डॉक्टर हळूच म्हणाले.

मिस्त्रींनी काय केले ते सांगण्यापूर्वी गंज म्हणजे काय, हे समजून घेऊ. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज तयार होतो. कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. ही क्रिया घडताना ओल्या पत्र्यात विजेचा अतिशय सूक्ष्म प्रवाह वाहत असतो. पाण्यात मीठ असले की तो अधिक सुलभपणे वाहतो. म्हणून कऱ्हाडच्या कोरड्या हवेत जे काम गंजाला सावकाश करावे लागते, ते समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात झपाट्याने होते.

गंजाचा आणखी एक दुर्गुण आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यावरही हवेने एक थर चढतो, पण तो घट्ट चिकटून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. शिवाय मूळ लोखंडाहून तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्रे जेथे जोडलेले असतात तेथे गंज शिरला, की तो फुगून त्यांना पाचरीसारखा अलग करतो. तुमच्या घरच्या पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. डॉक्टरांच्या गाडीला असे कवच नव्हते. तिला रंगाचाच काय तो आधार, आणि रंग बाहेरून लावलेला.

मिस्त्री रंगाकडे पाहतच नव्हते. त्यांनी प्रथम आतील रबरी चटई उचलली. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी तिच्याखाली साठून राहिले होते. मग ते गाडीखाली शिरले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकू लागले. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. खाल्लेला पत्रा बद्द आवाज करतो. तसा आवाज आला, की ते टोक दाबून पाहत. दाराच्या उंबरठ्याखालून पुढपासून मागपर्यंत पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला. जॅक लावला, तेव्हा गाडी वर उचलली जाण्याऐवजी पत्राच करकरत आत गेला.

डॉक्टर काही बोलले नाहीत.

जीपला किंवा मालमोटारीला खाली जाड पोलादाचा स्वतंत्र सांगाडा असतो. पद्मिनीला तसा नसतो. एक रिकामी आगपेटी घ्या. तिचे कवच पातळ पुठ्ठ्याचे, तरीही बोटाने दाबले तर आकार टिकवते. कारण तिच्या चारही बाजू एकमेकींना धरून असतात. आता एक कड पाण्याने भिजवा आणि पुन्हा दाबा. पद्मिनीचा बांधा याच जातीचा आहे. जमीन, उंबरठ्याच्या पेट्या, खांब आणि छत मिळून सारा भार पेलतात. मागील चाकांच्या पाट्यांच्या स्प्रिंगाही याच सांध्यांना बांधलेल्या असतात. ते सांधे प्रवासात निखळले, तर चालकाच्या हाती काही उरत नाही.

"आणि या वकीलसाहेबांच्या गाडीचे?" मी विचारले.

"तिला काय झाले आहे?" मिस्त्री म्हणाले. "दारांच्या तळाशी पाणी जाण्याची भोके असतात, ती धुळीने बुजली; म्हणून दारे कुजली. दारे बिजागरीवर असतात. जुनी काढायची, दुसरी बसवायची. खालचा पत्रा अजून वाजतो आहे."

"मग माझ्याही पेट्या कापून नव्या बसवा," डॉक्टर म्हणाले. "गेल्या वर्षीच एवढे पैसे घातले आहेत."

"डॉक्टरसाहेब, ते पैसे रंगाला गेले, पत्र्याला नाही. नवा पत्रा जोडायला शेजारी निरोगी पत्रा लागतो. मी कोठवर कापत जाऊ? पेट्या, जमीन, स्प्रिंगांची जागा, सगळेच कापावे लागेल. त्या खर्चात दुसरी चांगली गाडी येईल. वरून पत्रा ठोकून, पुट्टी भरून, काळा रंग मारून देणारे पुष्कळ आहेत. कदाचित ती तपासणीत पासही होईल. पण रात्री घाटात तुम्ही बसणार तिच्यात."

माझ्या मनात त्या वेळी आले, की मिस्त्री फार कठोर बोलले. एखादी दुर्मिळ गाडी लोक सारा तळ नवा घालूनही जतन करतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण तो छंद झाला. डॉक्टरांना पावसाळ्यात भरवशाने चालेल अशी गाडी हवी होती, आणि पावसाळा पंधरा दिवसांवर आला होता.

डॉक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढील खणातून औषधांच्या दोन बाटल्या आणि एक विजेरी काढली, आणि गाडी मिस्त्रींच्या स्वाधीन केली. इंजिन अद्याप उत्तम होते. मिस्त्रींनी ते उतरवून ठेवले. डॉक्टरांच्या गाडीची दारे दुसऱ्या आठवड्यात वकिलांच्या गाडीला बसली. त्यांच्यावरचा नवा रंग तिच्या जुन्या रंगाशी मुळीच जुळत नव्हता. तशीच ती कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला गेली.