अश्वगंधेची मुळी : ओळख, लागवड आणि शुद्धता

मराठवाड्याच्या कोरड्या भागात पडीक रानांतून, बांधांवर व गावाच्या कडेने अश्वगंधेची झुडपे आपोआप उगवलेली आढळतात. या वनस्पतीस आस्कंद किंवा ढोरगुंज असेही म्हणतात. तिची वाळलेली मुळी आयुर्वेदात बलवर्धक औषध म्हणून फार प्राचीन काळापासून वापरात असून औषधे तयार करणारे कारखाने ती मोठ्या प्रमाणावर विकत घेतात. धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण आहे. तेरणेच्या काठची भारी जमीन सोडली तर तेरच्या शिवारासारख्या भागात हलक्या व बरड जमिनीत कोणते पीक घ्यावे, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे नेहमीच असतो. थोड्या पाण्यावर येणारे अश्वगंधेचे पीक अशा ठिकाणी विचारात घेण्यासारखे आहे.

तथापि धान्याचे पीक आणि औषधी मुळीचे पीक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ज्वारीत खडेमाती आली तर भाव कमी मिळतो. परंतु औषधी मुळीत परकी मुळी आली तर रोग्याच्या जिवाशी गाठ पडते. मुळीचे मोल ती जी म्हणून विकली जाते तीच असण्यावर अवलंबून आहे. ही शुद्धता कारखान्यात निर्माण करता येत नाही. ती शेतातच राखावी लागते.

चीनमधील जिनसेंग व आपली अश्वगंधा

आपल्याकडे अश्वगंधेस जे स्थान आहे, तसेच स्थान चिनी वैद्यकात जिनसेंग या मुळीस आहे. मुळीचा आकार मनुष्याच्या धडासारखा व हातापायांसारखा दिसतो, म्हणून चिनी भाषेत तिला ‘रेन-शेन’, म्हणजे मनुष्यमूळ, असे नाव पडले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतून आलेल्या चिनी निघंटूत औषधांचे तीन वर्ग केलेले असून जिनसेंगची गणना श्रेष्ठ वर्गात केली आहे. दीर्घ आजारानंतरचा अशक्तपणा, धाप, भूक मंद होणे यांवर चिनी वैद्य ती देतात. मुळीचे पातळ काप करून त्यांचा काढा मंद आचेवर करण्याची रीत आहे. नुसती वाळविलेली ती पांढरी जिनसेंग व वाफवून मग वाळविलेली ती तांबडी जिनसेंग, असे तिचे दोन प्रकार मानतात.

या साम्यामुळे व्यापारात अश्वगंधेस ‘भारतीय जिनसेंग’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु या दोन वनस्पतींचा परस्परांशी काहीही संबंध नाही. अश्वगंधा ही वांगी, बटाटा व टोमॅटो यांच्या कुळातील आहे; जिनसेंगचे कुळच वेगळे. जिनसेंग चीनच्या ईशान्य भागातील व कोरियातील थंड प्रदेशात, सावलीत वाढते आणि मुळी काढण्याजोगी होण्यास बहुधा चार ते सहा वर्षे लागतात. आपल्या उष्ण व कोरड्या हवेत ती येणार नाही. ‘जिनसेंगचे बी’ म्हणून कोणी काही विकावयास आल्यास ते घेऊ नये.

नाव एक, वनस्पती निराळ्या

नावाच्या साम्यावरून कशी फसगत होते याचे उदाहरण तेरच्या जुन्या नावातच आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणबरोबर तगरचाही उल्लेख असून येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात नमूद आहे. तगर हे एका सुगंधी औषधी मुळीचेही नाव आहे. ती वनस्पती हिमालयात होते. आणि आपल्या परसात पांढऱ्या फुलांचे जे झुडूप असते, त्यासही आपण तगरच म्हणतो. सुगंधी मुळीच्या तगराशी त्याचा काही संबंध नाही. दुकानात केवळ ‘तगर’ मागणाऱ्याच्या हाती काय पडेल, याचा भरवसा देता येत नाही.

चिनी औषधांच्या बाबतीत अशा गोंधळाचे परिणाम फार भयंकर झाले. चिनी वैद्यकात ‘फांग-जी’ या नावाने दोन वेगवेगळ्या वनस्पतींची मुळे ओळखली जात. त्यांपैकी ‘ग्वांग-फांग-जी’ ही ईश्वरी व किडामार यांच्या जातीची होती. १९९०च्या सुमारास बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरात वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधात एका मुळीच्या जागी ही दुसरी मुळी गेली. वाळवून चिरलेली किंवा भुकटी केलेली मुळे डोळ्यांनी वेगळी ओळखता आली नाहीत. शंभरांहून अधिक रोग्यांची मूत्रपिंडे बिघडली, त्यांपैकी अनेकांची कायमची निकामी झाली, आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी हा प्रकार प्रसिद्ध केला. २००४ साली चीननेही ‘ग्वांग-फांग-जी’ची औषध म्हणून असलेली मान्यता काढून घेतली.

अशा घटना परदेशातच घडतात, असे समजण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या काळ्या रानांत किडामार नावाचे तण येते. जमिनीवर पसरणारे वेल, हृदयाच्या आकाराची उग्र वासाची पाने आणि नळीसारखी काळपट जांभळी फुले ही त्याची खूण होय. जंतांवर औषध म्हणून त्याचा वापर पूर्वापार होत आला असला, तरी मूत्रपिंडास अपायकारक असे तेच द्रव्य या तणातही असते. युरोपात डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात याच जातीच्या एका तणाचे बी गव्हात मिसळून पिठात जात असे. तेथील खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या मूत्रपिंडाच्या रोगाचे तेच मुख्य कारण असल्याचे आता मानले जाते. म्हणून किडामार शेतात ठेवू नये, आणि औषधी मुळ्यांच्या शेतात तर एकही वेल राहू देऊ नये.

अश्वगंधेची ओळख

अश्वगंधेचे झुडूप साधारणतः कमरेइतके वाढते. खोडावर व पानांवर बारीक करडी लव असते. फुले लहान व हिरवट पिवळी असून ती पानांच्या बेचक्यात येतात. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर लाल होणारे असून ते कागदासारख्या पातळ वेष्टनात झाकलेले असते. ओल्या मुळीस घोड्याच्या अंगासारखा वास येतो, त्यावरूनच अश्वगंधा हे नाव पडले. तिचे शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा असे आहे. बियाणे घेताना व विक्रीच्या कागदपत्रांवर हे नाव अवश्य लिहावे. गावोगावची नावे बदलतात, शास्त्रीय नावाने गोंधळ टळतो.

चिरबोटीच्या फळासही असेच वेष्टन असते. परंतु ती पावसाळी व कोवळ्या खोडाची असून तिचे फळ लाल होत नाही. कामोणीची फळे पिकल्यावर काळी होतात व त्यांना वेष्टन नसते. या दोन्ही वनस्पती अश्वगंधेच्याच कुळातील असून तणांच्या रूपाने शेतात येतात. फळे धरू लागली की शेतातून एक फेरी मारून ती उपटून टाकावीत.

जमीन व पेरणी

पाण्याचा उत्तम निचरा होणारी हलकी ते मध्यम, वालुकामय किंवा तांबूस जमीन या पिकास मानवते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या कुजतात, शिवाय काढणीही अवघड जाते. म्हणून नदीकाठची काळी जमीन हरभरा व ज्वारीसाठी राखून अश्वगंधेसाठी माळाची जमीन निवडावी. मुळी सरळ व लांब वाढावी यासाठी जमीन खोल नांगरून कुळवाच्या दोन-तीन पाळ्या देऊन भुसभुशीत करावी. चांगले कुजलेले शेणखत अगोदरच मिसळावे. नत्राचा मारा केल्यास पाला माजतो, मुळी वाढत नाही. वांगी, मिरची किंवा टोमॅटो यांच्या मागून त्याच जमिनीत हे पीक घेऊ नये, कारण कुळ एक असल्याने रोग व किडी पुढे चालू राहतात.

पावसाचा जोर ओसरू लागल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पेरणी करावी. बी फार बारीक असल्याने त्यात वाळू मिसळून ते उथळ पेरावे. फोकून पेरल्यास हेक्टरी १० ते १२ किलो बी लागते. ओळीत पेरल्यास त्याहून कमी पुरते, शिवाय तण ओळखून काढणे सोपे जाते. महिन्याभराने विरळणी करून दोन ओळींत २० ते २५ सेंटिमीटर व दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर राखावे. मध्य प्रदेशात मंदसौर येथे निवडलेले ‘जवाहर असगंध-२०’ व लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचे ‘पोषिता’ हे वाण प्रचलित आहेत. रोपे कोलमडू नयेत म्हणून बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावा. पावसाने मोठी उघडीप दिली तरच एखादे हलके पाणी द्यावे. हे औषधाचे पीक असल्याने त्यावर विषारी कीटकनाशके फवारणे टाळावे.

काढणी, वाळवण व प्रतवारी

पेरणीपासून १५० ते १८० दिवसांनी, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, पाने वाळू लागतात व फळे लाल होतात. ही काढणीची वेळ होय. जमीन कडक असल्यास आदल्या दिवशी हलके पाणी देऊन झुडपे मुळासकट, मुळी न तोडता काढावीत. झुडूप उभे असतानाच ते अश्वगंधेचेच असल्याची खात्री करून घ्यावी. मुळी खोडापासून वेगळी झाल्यावर ही खात्री करून घेण्याची संधी उरत नाही.

मुळ्या धुऊन, बारीक तंतू काढून, ७ ते १० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत व स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवावेत. मुळी वाकविताच कट्‌कन मोडली म्हणजे ती वाळली असे समजावे. ओलावा १० ते १२ टक्क्यांपेक्षा अधिक राहिल्यास बुरशी येते. जाड, आतून पांढऱ्याशुभ्र व ठिसूळ मुळ्या पहिल्या प्रतीत येतात. बारीक, पोकळ किंवा आतून पिवळसर मुळ्या खालच्या प्रतीत जातात. प्रती वेगळ्या ठेवाव्यात. चांगल्या मालात हलका माल मिसळल्यास सर्व मालास हलका भाव मिळतो. कोरडवाहू पिकापासून हेक्टरी साधारणतः ४ ते ५ क्विंटल वाळलेली मुळी मिळते. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात व प्रत्येकीवर वनस्पतीचे नाव, शेताचा गट क्रमांक व काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

पाला मुळीत मिसळू नये

मुळीपेक्षा पाला कितीतरी अधिक निघतो, त्यामुळे भुकटीत पाला मिसळण्याचा मोह व्यापारात होतो. परंतु परंपरेने औषधात सांगितली आहे ती मुळी. पानांच्या वापरास पुरेसा आधार नसल्यामुळे, ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने अश्वगंधेची पाने वापरणे टाळावे, असे उत्पादकांना कळविले आहे. शेतकऱ्यांनी माल भुकटी करून न विकता अखंड मुळीच्या स्वरूपातच विकावा. अखंड मुळी तपासता येते. त्यात विकणाऱ्याचेही संरक्षण आहे.

सेवनाविषयी सावधगिरी

अशक्तपणा, झोप न येणे व वातविकार यांवर वैद्य अश्वगंधेचे चूर्ण दुधाबरोबर देतात. मनाचा ताण व निद्रानाश यांवर तिचा काही उपयोग होतो, असे अलीकडील काही लहान चाचण्यांत दिसून आले आहे. तथापि क्वचित काही रोग्यांच्या यकृतास तिच्यामुळे अपाय झाल्याचीही नोंद आहे. गर्भवती स्त्रियांनी ती घेऊ नये. थायरॉइडचे विकार, यकृताचे विकार किंवा झोपेची औषधे चालू असलेल्यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. शेतात पिकते म्हणून घरी मनाप्रमाणे खावी, असे हे अन्न नव्हे.

विक्रीची व्यवस्था आधी, पेरणी मागून

औषधी पिकांत भावाची खात्री नसते. या शतकाच्या आरंभी सफेद मुसळीच्या बियाण्यास महाराष्ट्रात भरमसाट किंमत मोजून अनेकांनी लागवड केली. पुढे भाव कोसळल्यावर बियाणे विकणारे नफ्यात व पिकविणारे तोट्यात राहिले. म्हणून जो बियाणे विकतो व तोच माल घेण्याचे केवळ तोंडी वचन देतो, त्याच्यावर विसंबून राहू नये. खरेदीदाराशी प्रत, भाव व मुदत यांचा लेखी करार करावा. अश्वगंधेची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमच येथे आहे. तेथील चालू भावाची चौकशी करून व वाहतुकीचा खर्च वजा करून मगच हिशेब मांडावा. २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ या पिकांच्या प्रसाराचे काम करते. त्याच्या चालू योजनांची माहिती तालुका कृषी कार्यालयात विचारावी.

पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांहून अधिक लागवड करू नये. एकाच गावातील आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून थोडी थोडी लागवड केल्यास बियाण्याची तपासणी, वाळवण व वाहतूक एकत्र करता येते आणि खरेदीदारही दखल घेतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्यांना पिकाच्या फळधारणेच्या वेळी एकत्र शेतात न्यावे आणि अश्वगंधा, चिरबोटी, कामोणी व किडामार ही चारही झाडे समोरासमोर ठेवून ओळखावयास शिकवावीत. ही ओळख पक्की झाल्यावरच मुळ्या काढण्यास हात घालावा.